दलदलीवरचं तुझं शहर आणि आपली वाडी

काका, तू गेलास त्या दुपारी आख्ख्या वाडीत धूर फक्त तुझ्या घरातून निघत होता. जेवून तू ओटीवर आडवा झालास. काकीने चहाचं आधण ठेवलं आणि तुला उठवायला आली. आत आधण उकळून उकळून संपलं.

पौषातले दिवस. गणपती कधीच होऊन गेले होते, शिमगा अजून लांब होता. म्हणजे आपल्या वाडीत माणूस नसण्याचे दिवस. मी म्हसळ्याहून शाळा अर्धी सोडून पोचले, तेव्हा अंगणात पलीकडच्या वाडीतली चार माणसं उभी होती आणि बाकी सगळीकडे कुलपं. तुझा मुलगा, आमचा संदीपदादा, डोंबिवलीहून येईपर्यंत थांबायचं, तुला सकाळी न्यायचं, असं ठरलं. मग गाड्या यायला लागल्या. पनवेलहून, दिव्याहून, नालासोपाऱ्याहून. एकेक जण उतरायचा, तुझ्या पायांशी वाकायचा, काकीजवळ टेकायचा, आणि थोड्या वेळाने खाली मान घालून हळूच विचारायचा, "काकी, आमच्या घराची चावी?"

काकी रडता रडता दाराकडे बोट दाखवायची. दारामागे तुझी खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला एक चावी, चावीला पत्र्याचा बिल्ला, आणि बिल्ल्यावर तू ठोकून काढलेली खूण. कुणाला फणस, कुणाला सायकल, कुणाला विहीर. वाडीतल्या सगळ्या बंद घरांच्या चाव्या तुझ्याकडे होत्या.

पांडूदादा घर उघडून परत आला तो गोंधळलेला. "काकी, आमचं घर तर झाडलेलं हाय गो. कालच झाडल्यासारखं."

काकीने डोळे पुसले. "कालच झाडलंय. बेस्तरवारी तुमची पाळी आसते."

पांडूदादा उभ्या उभ्या रडायला लागला. तुझं तोंड बघून तो रडला नव्हता, काका. आपलं झाडलेलं घर बघून रडला.

आमच्या घराची चावीही त्याच रांगेत होती. बाबा-आई भावाबरोबर पनवेलला गेल्यापासून आणि मी म्हसळ्यात खोली घेतल्यापासून आमचंही घर तुझ्याच भरवशावर. आमच्या बिल्ल्यावर तू खिडकी काढली होतीस. मी एकदा विचारलं, "फणस नाही, विहीर नाही, आमच्यालाच खिडकी का?" तू म्हणालास, "सांगतो नंतर." तुझ्याकडे 'नंतर'साठी बरंच काही ठेवलेलं असायचं.

तू पहिल्यांदा सायबेरियाला गेलास तेव्हा मी चौथीत होते. मुंबईतल्या कारखान्यात पाइप जोडणारा आपला गजाकाका विमानात बसून रशियाला चालला, हे वाडीला खरंच वाटेना. निघताना तू आमच्या शाळेत आलास. बाईंनी जगाचा नकाशा टांगला होता. तू मला म्हणालास, "दाखव बघू मी कुठं जाणार ते." मी काठी घेऊन तू सांगितलेली ओब नदी शोधली आणि तिच्या आजूबाजूला सगळा हिरवा रंग. एक टिंबसुद्धा नव्हतं. "काका, इथे काहीच नाही."

"आत्ता न्हाय," तू म्हणालास. "बांधायला चाललोय ना."

बाईंसकट सगळा वर्ग हसला. तू पण हसलास. पण मागे वळून बघते तर ते अक्षरशः खरं होतं. तू कामाला गेला नव्हतास, काका. तू एक गाव वसताना बघायला गेला होतास, आणि दर वर्षी रजेला येऊन ते गाव आम्हाला हप्त्याहप्त्याने सांगत राहिलास. आमच्या वयाच्या बाकी मुलांना मामाकडच्या, आजोळच्या गोष्टी होत्या. मला एका तेलाच्या शहराची गोष्ट होती, आणि ती माझ्याबरोबर वाढत होती.

पहिल्या वर्षी तिथे शहर नव्हतंच. रेल्वे जिथे संपते तिथून पुढे हेलिकॉप्टर. खाली बघावं तिथे दलदल, डबकी आणि बारीक अंगाची झाडं. मग अचानक तेलाच्या विहिरीचा मनोरा, आणि त्याच्या जवळ लाकडी घसरपट्ट्यांवर ठेवलेले निळे डबे. त्या डब्यांत माणसं राहायची. डब्यांमधून चालायला चिखलावर फळ्या टाकलेल्या. फळीवरून पाय घसरला की गुडघ्यापर्यंत आत, आणि बूट आतच राहायचा. "आपल्या खाजणाच्या चिखलात जातो तसा," तू म्हणायचास. "फक्त चिंबोऱ्या न्हायत, डास हायत. चिंबोरीएवढे."

रस्ता यायचा तो थंडीत. नदी आणि दलदल गोठली की तिच्यावरून ट्रक चालायचे. पाइप, सिमेंट, बटाटे, खाटा, सगळं त्या बर्फाच्या रस्त्याने. जे आणायचं विसरलं ते पुढच्या थंडीपर्यंत विसरलंच. एका वर्षी म्हणे दारं आली आणि बिजागऱ्या राहिल्या. सगळा कॅम्प उन्हाळाभर दारं उचलून बाजूला ठेवून ये-जा करत होता. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची आणि तू अजून तिखट-मीठ लावायचास.

दुसऱ्या वर्षी तू आलास तो खांबांची गोष्ट घेऊन. तिथली जमीन खाली वर्षभर गोठलेली. वाफेने भोक पाडायचं, त्यात लोखंडी खांब उतरवायचा, तो आत गोठून घट्ट बसला की त्याच्या डोक्यावर पोलादी पट्टी जोडायची आणि त्या पट्टीवर घर. खाली मोकळी जागा. त्या पट्ट्या जोडणाऱ्या टोळीत तू होतास. शून्याखाली चाळीस अंश गेलेल्या थंडीत, सांध्यावर कापडी तंबू उभारून, आत शेगडी ठेवून तुम्ही वेल्डिंगचे टाके मारायचात. त्या शहराच्या पहिल्या पाच मजली इमारतींच्या पायांत तुझे टाके आहेत. हे तू कधी छाती काढून सांगितलं नाहीस. छाती काढून तू सांगायचास ती तुमची फजिती.

ती गोष्ट दर गणपतीत व्हायची. आरती झाली, प्रसाद वाटला, की कुणीतरी म्हणायचं, "गजाकाका, बर्फ." मग तू श्रीवर्धनहून येणाऱ्या मासेवाल्याकडून बर्फाचा खडा मागून आणायचास आणि स्टीलचा पेला धुऊन घ्यायचास.

लाकडी बराकीतल्या तुमच्या पहिल्या थंडीत जमीन पायाला चावायची. बराकही खांबांवरच, खालून वारा मोकळा वाहत होता. बराकीत सगळे आपल्याकडचे: कुणी माणगावचा, कुणी महाडचा, दोघे श्रीवर्धनचे. तुमच्या डोक्यात एकच विचार आला, कोकणातल्या माणसाच्या येणारच होता. पावसाच्या आधी आपण पडवीला झावळ्यांचा कुड घालतो, तसा या घरालाही घालायचा! तुम्ही रिकाम्या खोक्यांच्या फळ्या काढल्यात, पोती शिवलीत, घराखालची सगळी मोकळी जागा चारी बाजूंनी बंद केलीत, वरून बर्फ थापलात. जमीन उबदार झाली. शेजारच्या बराकीतले लोक येऊन तुमची जमीन हाताने चाचपून बघायचे. कोकणी डोकं, म्हणून तुम्ही मिरवलंत.

मग उन्हाळा आला. सकाळी उठून बघता तर दार उघडेना. घराचा एक कोपरा खाली बसला होता. तुम्ही सगळे खिडकीतून बाहेर पडलात.

तेव्हा वेरा आली. या गोष्टीत वेरा आली की आम्ही मुलं सरसावून बसायचो. वेरा म्हणजे सगळ्या राहत्या घरांची व्यवस्था बघणारी बाई. अंगाने दांडगी, कमरेला चाव्यांचा जुडगा, हातात विजेरी. ती गुडघ्यांवर बसली, तुमच्या कुडाची एक फळी उपटली, आत विजेरी मारली आणि जे काही बोलली त्यातला एक शब्द तुम्हाला कळला नाही आणि सगळं कळलं. मग तिने तुमच्या खिडकीतला गरम चहाचा पेला उचलला आणि सावलीत उरलेल्या बर्फाच्या ढिगावर ठेवला.

इथे तू बोलणं थांबवायचास आणि चहाचा पेला बर्फाच्या खड्यावर ठेवायचास. सगळी ओटी पेल्याकडे वाकायची. पेला हळूहळू रुतायचा, तिरका व्हायचा आणि चहा काकीने सारवलेल्या जमिनीवर सांडायचा. तू पेल्याकडे बोट दाखवायचास, मग घराकडे. वेराने दाखवलं होतं तसं.

"दर वर्षी सांडतोय," काकी आतून म्हणायची. "ती वेरा येऊन सारवणार हाय काय?"

काका, मी आता भूगोल शिकवते. गोठलेली जमीन, घरातल्या उबेने तिचं वितळणं, हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून सांगते. पण मुलांना ते कळतं तुझ्या पेल्यानेच. दर वर्षी मीही तेच करते. आमच्या शाळेचा शिपाई बर्फ आणून देतो आणि विचारतो, "बाई, आज सायबेरिया काय?"

पुढच्या वर्षांत शहर धावत सुटलं. तू सांगायचास आणि मला दिसायचं. आधी बस थांबा बांधला, बस दोन वर्षांनी आली. मधल्या काळात माणसं त्या थांब्यात एकमेकांची वाट बघत बसायची, कारण तेवढीच एक जागा वाऱ्यापासून आडोशाची होती. मग पावाची भट्टी. त्याआधी पाव हेलिकॉप्टरने यायचा आणि करवतीने कापावा लागायचा. भट्टीच्या पहिल्या दिवशी सगळे ताजा पाव घेऊन रस्त्यातच खात उभे होते, घरी कुणी नेलाच नाही. मग शाळा. मग चाकांऐवजी घसरपट्ट्या लावलेल्या बाबागाड्या. मग रस्त्यांवरून कमानीसारख्या जाणाऱ्या गरम पाण्याच्या जाडजूड नळ्या, त्यांच्यावर बसलेली मांजरं. मग शहरातला एकुलता एक सिग्नल. तो लागला त्या संध्याकाळी लोक नटूनथटून बघायला आले आणि हिरवा झाला की टाळ्या वाजवायचे.

आणि फुलवाली. मला सगळ्यात आवडायची ती. कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर काचेची पेटी घेऊन बसायची. पेटीत फुलं, आणि फुलांमध्ये एक पेटती मेणबत्ती, फुलं गोठू नयेत म्हणून. मी विचारलं, "एवढ्या थंडीत फुलं घेतं कोण?" तू माझ्याकडे असं बघितलंस की काय हा प्रश्न! "सगळी घेतात. खायाला पाव मिळाला की माणूस फुलं घ्यायला लागतो. त्या दिवशी मी बी घेतलं एक."

"कुणासाठी?" काकीने आतून विचारलं.

"बराकीसाठी गो. बराकीसाठी."

"व्हय. बराकीचं नाव काय होतं?"

ओटीवर एवढा हशा झाला की तुला तोंड लपवायला पान लावायला बसावं लागलं.

काका, एक गोष्ट मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही. पोटातलं पोटात ठेवतो आपण. आज बोलते.

माझी बारावी झाली तेव्हा तू रजेवर होतास. बाबांचं म्हणणं, पुरे झालं. वाडीतली एकही मुलगी तोवर बारावीच्या पुढे गेली नव्हती. तू बाबांसमोर बसून ल्युबाची गोष्ट काढलीस. ल्युबा म्हणजे त्या शहरातली क्रेन चालवणारी. भिंतींचे आख्खे तुकडे उचलून पाचव्या मजल्यावर ठेवायची. खाली सगळे बाप्ये माना वर करून उभे आणि वर काचेच्या खोक्यात एकटी बाई.

"दादा, तिचा बाप काय म्हनला आसंल? घरी बस, थंडी वाजंल?"

बाबा म्हणाले, "तिकडं थंडी हाय, गजा. हितं लोकं हायत."

तू पानाचा डबा पुढे ओढलास. मग म्हणालास, "लोकांचं मी बघतो. तू पोरीला श्रीवर्धनला धाड."

लोकांचं तू कसं बघितलंस ते मला कॉलेजच्या पहिल्या दिवशी कळलं. जूनचा महिना, घामाच्या धारा. मी नवी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी, आणि आजूबाजूची सगळी आळी माझ्याकडे बघायला जमलेली. तेवढ्यात तू आलास. अंगात बंडी, कमरेला टॉवेल आणि डोक्यावर सायबेरियाची केसाळ टोपी, कानांच्या पट्ट्या खाली सोडलेल्या. मला वाटलं तुला काहीतरी झालं. एसटीत कंडक्टर हसला, बायका खिदळल्या, पोरं मागे वळून वळून बघत होती. घाम तुझ्या मानेवरून ओघळत होता. मी चिडून म्हणाले, "काका, काढ ना ती टोपी. सगळे बघतायत."

"बघू देत," तू म्हणालास. "माझ्याकडंच बघतात ना?"

श्रीवर्धनपर्यंत माझ्याकडे कुणीही बघितलं नाही. कॉलेजच्या फाटकाशी तू ती टोपी काढलीस, टॉवेलने डोकं पुसलंस आणि म्हणालास, "जा आता. मला चहा पायजे."

मी पदवीधर झाले, बी.एड. झाले, शाळेत लागले. त्याची सुरुवात त्या घामाने भिजलेल्या टोपीत आहे. आता ती टोपी शिमग्याच्या सोंगातलं अस्वल घालतं. अर्धे केस झडलेत. यंदाच्या शिमग्याला ती मी कुणाला देईन असं वाटत नाही. मग वाटतं, तू असतास तर ओरडला असतास: आधी अस्वलाचं बघ!

तिकडचं तेल पुढे मंदावलं. भाव पडले, नवी कामं थांबली, तुमच्या टोळीला घरी पाठवलं. तिथली कुटुंबंही दक्षिणेकडे जायला लागली. वेरा मात्र राहिली. जाणारे आपापल्या घराच्या चाव्या तिच्याकडे ठेवून जायचे. बंद घरात गरम पाण्याची नळी फुटली तर आख्ख्या जिन्याचा बर्फ व्हायचा, म्हणून ती रोज काही घरं उघडून बघायची. शेवटच्या थंडीत तू तिच्याबरोबर फिरायचास, गळकी नळी दिसली की टाका मारायचास.

तू कायमचा परत आलास आणि आपल्या वाडीत तेच सुरू केलंस. इथे नळ्या नाहीत, पण वाळवी आहे, बुरशी आहे. घर बंद राहिलं की वाशांना वाळवी लागते, कपाटातले कपडे हिरवे होतात. तू एकेकाकडे फोन करून चाव्या मागून घेतल्यास. पाळी लावलीस. आज या घराची खिडक्या-दारं उघडायची, झाडायचं, चूल पेटवायची, धूर कौलांपर्यंत जाऊ द्यायचा, मग कुलूप. "तिथं घराखाली गारवा लागतो, हितं घरात धूर लागतो," तू म्हणायचास. "पण दोन्हीकडं जाऊन बघनारा लागतो."

आणि इथेच आपलं भांडण.

गेल्या दिवाळीत आपण तिघं ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसलो होतो. मी म्हणाले, "काका, तुझ्या त्या शहराचं मला वाईट वाटतं. तेल संपलं की शहर संपलं. ज्या गावाचं एकच काम, ते गाव नव्हे. तो तळ. काम संपलं की तळ उठतो."

"कुनी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"लिवनारा थंडीत ऱ्हायलाय तिथं?"

"राहायला कशाला पाहिजे? हे जगभर झालंय."

तू एक वाल सोललास, टोपात टाकलास. "मग आपल्या वाडीचं काम काय? भात. लावतं कोन? मी, नि तो पलीकडच्या वाडीतला म्हातारा. म्हंजे ही बी संपली?"

"संपलीच," मी म्हणाले. "एकटा माणूस चाव्यांचा जुडगा घेऊन फिरतो, त्याला वाडी म्हणत नाहीत."

काकीने टोप आमच्या मध्ये सरकवला. "सोला दोघांनी मुकाट. तुमचं तेल बी संपत न्हाय नि माझे वाल बी."

तू हसलास, पण सोलायचा थांबला होतास. "ह्याचं उत्तर हाय माझ्याकडं, मास्तरीणबाई. शिमग्याला देतो. सगळी आसतील, सगळ्यांसमोर देतो."

"आत्ताच दे."

"आत्ता देऊन काय? तू एकटीच हरशील."

शिमगा यायचा आहे. तू नाहीस. मी जे बोलले ते आजही मला बरोबर वाटतं, काका. म्हणूनच तुझं उत्तर हवं होतं. ज्याचं म्हणणं आधीच मान्य असतं, त्याचं उत्तर कोण मागतं?

तुझ्या बाराव्यापर्यंत वाडी भरलेली होती. गणपती नाही, शिमगा नाही, आणि तरी सगळी घरं उघडी. सकाळी मी टेकाडावरच्या विहिरीवर गेले आणि खाली बघितलं. थंडीने धूर वर जात नव्हता. कौलांवर अंथरल्यासारखा पसरला होता, प्रत्येक घरावर. पौषात वाडी अशी दिसते हे मला माहीतच नव्हतं. हे बघायला तू हवा होतास, आणि तू असतास तर हे झालं नसतं. हे दोन्ही एकदम मनात येऊन मी कळशी तशीच धरून उभी राहिले.

बाराव्याच्या जेवणावळी उठल्या आणि खरा प्रश्न ओटीवर येऊन बसला. संदीपदादा म्हणाला, "आयेला मी घेऊन जातो. एकटी कशी ऱ्हाईल?" त्याचं चुकत नव्हतं. गाडीत जागा होती, डोंबिवलीत खोली तयार होती, सूनबाई मनापासून म्हणत होती. बाकीचे सगळे चाव्या हातात घेऊन उभे. काकी गेली तर त्या ठेवायच्या कुणाकडे? ज्याच्या-त्याच्या हातातला बिल्ला वाजत होता. काकी गेली की वाडीतली शेवटची चूल विझणार, आणि वाडी खरोखरच बंद होणार, हे ओटीवरच्या प्रत्येकाला कळत होतं.

काकी दाराला टेकून बसली होती. ती म्हणाली, "एकटी ऱ्हायला मला भ्या वाटत न्हाय. पन काळोखाकडं बघत जेवायचं, ते न्हाय जमायचं मला."

मग ती माझ्याकडे वळली. "तुझा काका तिथं पयली दोन-तीन वर्सं थंडीत रोज रडायचा म्हनं. तुमाला न्हाय कधी सांगितलं, मला सांगितलं. दिवस चार-दोन तासांचा, बाकी सगळा काळोख. कामावरनं आलं की समोर ती मोठी बिल्डिंग, रिकामी. कुनी ऱ्हायला आलेलं न्हाय. एक दिवस आला नि बघतो तर समोर एका खिडकीत दिवा लागलेला. पयलं कुटुंब ऱ्हायला आलं होतं. कोन ते बी म्हाईत न्हाय. त्या दिवसापासनं न्हाय रडला. मला म्हनायचा, तवा शहर झालं ते."

मी हातातल्या बिल्ल्याकडे बघितलं. चार रेघांची खिडकी.

"तुमचं घर आमच्या समोर," काकी म्हणाली. "तुमच्या माजघराची खिडकी हितनं दिसते. तुमी पनवेलला गेलात तवा हा बिल्ला करीत बसला होता, नि सारखी ठोकनी चुकत होती." मग ती संदीपदादाला म्हणाली, "समोर एका खिडकीत दिवा लागत आसंल तर मी हितं ऱ्हाईन. न्हाय तर येते तुझ्यासंगं. हट्ट न्हाय माझा."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. बाबा खाली बघत होते. मी म्हसळ्यातल्या माझ्या खोलीचा विचार केला. शाळेपासून पाच मिनिटं, नळाला पाणी, खाली किराणा. वाडीतून सकाळची एक एसटी, चुकली तर चालत. मी विचार फार केला असं नाही. मी म्हणाले, "बाबा, आपल्या माजघराचा बल्ब गेलाय. पांडूदादा बाजारात गेला तर त्याला एक आणायला सांगा."

बाबांना समजायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "मोठा आन म्हनावं."

"स्कूटी शिक आधी," काकी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून आत गेली.

दुसऱ्या दिवशी एकेक गाडी निघाली. जाताना ज्याने-त्याने आपली चावी दारामागच्या खिळ्यावर परत अडकवली. पांडूदादाने फणसाचा बिल्ला अडकवताना काकीला विचारलं, "बेस्तरवारच ना?" शनिवारी मी आणि काकी दोघी मिळून घरं उघडायची, बाकीचे दिवस तुझी जुनी पाळी काकीने चालवायची, असं ठरलंय. संदीपदादा महिन्याआड येणार म्हणतो. बघू.

आता दारामागे एक खिळा रिकामा आहे. आमचा. ती चावी माझ्या पर्समध्ये, शाळेच्या कपाटाच्या चावीशेजारी असते.

काका, भांडण मिटलं असं समजू नकोस. एका खिडकीने वाडी होत नाही, हे मी अजूनही म्हणते. ज्या गावाचं एकच काम असतं ते टिकत नाही, हेही म्हणते. तुझं उत्तर तेच होतं का जे काकीने सांगितलं, की तू सगळ्यांसमोर आणखी काही सांगणार होतास, हे मला कधीच कळणार नाही. कुणास ठाऊक, तू नुसताच बर्फ आणि पेला घेऊन बसला असतास आणि आम्हाला हसवून सुटला असतास.

काल शाळेतून आले. पाय धुतले, माजघरात गेले आणि दिवा लावला. बाहेर अजून पुरता अंधारही पडला नव्हता. समोरच्या ओटीवरून लगेच हाक आली, जणू काकी तिथे वाट बघतच बसली होती:

"मास्तरीणबाई, बिरडं केलंय. या जेवायला."

मी दार ओढून घेतलं, आणि दिवा तसाच चालू ठेवून गेले.